मृगाच्या आभाळात तेजोमेघ कसे ओळखावेत

तेजोमेघांचे, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे, प्रकार पाठ केले की दोन दिवसांत विसरायला होतात. त्यापेक्षा मार्गशीर्ष-पौषातली एक रात्र मोकळी ठेवा आणि प्रत्येक धूसर ठिपक्यापाशी एकच प्रश्न विचारा: याचा उजेड येतो कुठून? मुख्य पाच प्रकारांपैकी चार मृग आणि वृषभाच्या आसपासच सापडतात. मृग म्हटलं की आपल्याला पाऊस आठवतो, पण जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो. पाहायचा तो हिवाळ्यात.

आधी तयारी. अमावास्येच्या जवळचा शनिवार निवडा. मृगाचा तेजोमेघ मुंबईतल्या सोसायटीच्या गच्चीवरूनही द्विनेत्रीतून दिसतो. बाकीच्यांसाठी कर्जत लोकल पकडून वांगणीकडे जा. सुरुवातीला 10×50 ची (दहापट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगांची) द्विनेत्री पुरते, शेवटच्या दोन प्रकारांना टेलिस्कोप लागेल. टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद बांधा आणि मोबाइल खिशातच राहू द्या. डोळे अंधाराला सरावायला 20-30 मिनिटं लागतात, आणि एक मेसेज वाचला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता मृगाच्या पोटातला बाण शोधा, म्हणजे एका रेषेतले तीन तारे. त्यांच्या दक्षिणेला फिकट ताऱ्यांची एक छोटी ओळ लोंबते. तिच्या मधोमध जे पुसट दिसतं तोच मृगाचा तेजोमेघ, एम 42 (मेसिए यांच्या यादीतला 42 वा), सुमारे 1,300 प्रकाशवर्षांवरचा उत्सर्जन तेजोमेघ. हा स्वतः उजळतो: आतल्या तरुण ताऱ्यांचे अतिनील किरण हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे करतात, आणि ते पुन्हा जोडले जाताना प्रकाश बाहेर पडतो. फोटोत तो गुलाबी असतो, डोळ्यांना राखाडी दिसतो. त्यामुळे हिरमुसू नका. वांगणीला टेलिस्कोपला पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा मलाही नुसता डाग दिसला. मग शेजारच्या माणसाने सांगितलं, ‘थेट बघू नका, जरा कडेला बघा.’ नजर किंचित बाजूला नेली तशी डागाला पंखांसारखी कड फुटली आणि मधे चार ताऱ्यांचा इवलासा चौकोन सुटा झाला. ही तिरकी नजर आधी इथेच सरावा, पुढे सगळीकडे लागते.

तिथून वायव्येला रोहिणी, आणि तिच्या पलीकडे कृत्तिका. कृत्तिकांभोवतीची धूळ स्वतः उजळत नाही, ताऱ्यांचा प्रकाश विखुरते. निळा जास्त विखुरतो म्हणून फोटोत निळी छटा येते. हा परावर्तन तेजोमेघ. पण इथे फसगत होते: भिंगावर दव साचलं तरी तसंच धुकट दिसतं. म्हणून द्विनेत्री रोहिणीकडे वळवा. तिच्याभोवतीही धुकं दिसलं, तर ते भिंगावरचं.

कृष्ण मेघाला उजेडच नसतो, तो मागचा प्रकाश अडवतो. बाणाच्या पूर्वेकडच्या ताऱ्याजवळ घोड्याच्या डोक्यासारखा एक आहे. 1888 मध्ये विल्यमिना फ्लेमिंग यांना तो फोटोच्या काचेवर सापडला. छोट्या टेलिस्कोपने त्याच्यामागे लागू नका, फोटोत पाहा.

वृषभाच्या दक्षिण शिंगाच्या टोकाशी एम 1, म्हणजे खेकडा तेजोमेघ. हा सुपरनोव्हाचा, म्हणजे ताऱ्याच्या महास्फोटाचा, अवशेष. 1054 मध्ये चिनी निरीक्षकांनी तो स्फोट टिपून ठेवला. 23 दिवस तो तारा भरदिवसा दिसत होता. उरलेला गाभा आजही सेकंदाला सुमारे 30 गिरक्या घेतो आणि त्याचीच ऊर्जा या मेघाला उजळवते. चार इंची टेलिस्कोपमधून फक्त पुसट डाग दिसेल, पण एवढं ठाऊक असताना तो डाग बघायला फार बरं वाटतं.

पाचवा प्रकार, ग्रहीय तेजोमेघ, मृगाजवळ सहजी हाती लागत नाही. त्यासाठी ऑक्टोबरच्या अखेरीस, अंधार पडताच, वायव्येला अभिजित हा ठळक तारा गाठा. ग्रहांशी याचा संबंध नाही. विल्यम हर्शेल यांना तो ग्रहाच्या तबकडीसारखा वाटला, म्हणून हे नाव. सूर्यासारखा तारा म्हातारपणी आपली बाहेरची आवरणं सोडतो, आणि मधला तप्त गाभा त्यांना उजळवतो. अभिजितजवळचा एम 57 द्विनेत्रीत साध्या ताऱ्यासारखाच दिसेल. टेलिस्कोपमध्ये मोठेपणा शंभरपटीच्या आसपास न्या, नजर तिरकी करा. धुराचं छोटंसं कडं आणि त्याची मधली पोकळी दिसू लागेल.