वसंतात घराची तपासणी करताना या चुका टाळा

थंडी ओसरली की कूलर माळ्यावरून खाली उतरतो, पंख्यांची पाती पुसली जातात, एसीचे बटण दाबून पाहिले जाते आणि यंत्र सुरू झाले की तपासणी आटोपली, असे सगळे धरून चालतात. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. काही महिने अडगळीत पडलेल्या यंत्राची वायर उंदरांनी कुरतडलेली असू शकते, आतले स्क्रू सैल झालेले किंवा गंजलेले असू शकतात, आणि तरीही ते यंत्र विनातक्रार चालते; दोष कळतो तो टाकीत पाणी भरल्यावर किंवा प्लग वितळू लागल्यावर. म्हणून सुरू करण्याआधी, प्लग काढलेला असतानाच, वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहावी. यंत्र अर्धा तास चालवून बंद केल्यावर प्लग चटका लागण्याइतका तापलेला असेल किंवा त्याची पिन काळवंडलेली असेल, तर सॉकेटची पकड ढिली झाली आहे असे समजावे आणि सॉकेट व प्लग दोन्ही बदलून घ्यावेत. एसीसारखे जास्त वीज खेचणारे यंत्र एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नये.

पंखा नुसता गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर काठीने पाते ढकलून तो सुरू करण्याची सवय अनेक घरांत असते. बहुतेक वेळा पंख्याला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर कमजोर झालेला असतो किंवा बेअरिंग अडकलेले असते. अडकलेल्या पंख्यात वीज वाहत राहिली तर मोटरीतील तारेचे वेटोळे, म्हणजे वाइंडिंग, तापते, त्यामुळे तो लगेच बंद करून दुरुस्त करून घ्यावा.

एमसीबीवर विसंबून राहणे

कूलरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर रबरी चप्पल घालून काम भागवणे हा उपाय नव्हे. विजेची गळती होत आहे आणि अर्थिंग नीट नाही, असा त्याचा अर्थ असतो. अशा वेळी भिंतीवरचे बटण बंद करून, मगच प्लग काढावा आणि दुरुस्तीपर्यंत तो कूलर वापरू नये. बोर्डात एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, आहे, मग काळजी कशाची, असे म्हणणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट यांपासून वायरिंगला वाचवते. माणसाला शॉक बसत असताना वाहणारा प्रवाह तिच्या मानाने फारच क्षुल्लक असतो, त्यामुळे ती पडत नाही. माणसाला वाचवण्याचे काम आरसीसीबीचे, म्हणजे विजेची गळती ओळखून वीज तोडणाऱ्या खटक्याचे. घरगुती वापरासाठी ती सहसा ३० मिलिअँपिअर गळतीला पडणारी असते.

तिच्यावरचे ‘टेस्ट’ बटण दाबताच खटका पडायला हवा. पडला नाही, तर आरसीसीबी आणि तिची जोडणी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी. मात्र हे बटण फक्त त्या उपकरणाची यंत्रणा तपासते, घराची अर्थिंग नव्हे. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजूनच घ्यावी लागते. खटका वारंवार पडत असेल, तर सगळे प्लग काढून तो वर करावा आणि एकेक उपकरण पुन्हा जोडत जावे. ज्याच्या वेळी तो पडेल, दोष बहुधा त्यातच असतो. सगळे प्लग काढूनही तो टिकत नसेल, तर दोष वायरिंगमध्ये शोधावा. त्रास नको म्हणून आरसीसीबीच वगळून थेट जोडणी करून घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना समजावणे हे दुरुस्तीपेक्षा अवघड काम आहे.

टाकी रिकामी केली, पण घासली नाही

डेंग्यू पसरवणारा एडिस डास आपली अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, कूलरच्या टाकीच्या भिंतीला चिकटवतो. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढले की उबतात. गेल्या हंगामात टाकी नुसती उपसून ठेवली असेल, तर ती भरण्यापूर्वी ब्रशने घासलीच पाहिजे, आणि पुढेही दर आठवड्याला पाणी काढून टाकी घासावी.

साफसफाईतील घाई

ब्लीच आणि शौचालय साफ करण्याचे आम्ल एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, तर ब्लीच आणि अमोनिया एकत्र आल्यास क्लोरामाइन तयार होते. दोन बाटल्या मिसळल्यास सफाई दुप्पट होईल हा समज धोक्याचा आहे. चुकून मिसळले गेलेच, तर ते धूत न बसता आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे. श्वास लागत असेल, तर वैद्यकीय मदत घ्यावी.

टेकवायची शिडी फार उभी लावली की माणूस मागे कोसळतो आणि फार तिरकी लावली की तिचा पाया घसरतो. शिडी जिथे टेकते ती उंची १२ फूट असेल, तर तिचा पाया भिंतीपासून ३ फूट दूर असावा. हात पुरत नाही म्हणून बाजूला झुकण्यापेक्षा खाली उतरून शिडीच सरकवावी.

हवेसाठी खिडक्या उघडताना डासांची जाळी मुलाचा भार पेलेल असे गृहीत धरू नये. ती डासांसाठीच असते. खिडकीला गज किंवा उघडण्याची मर्यादा ठरवणारी कडी हवी, आणि खिडकीखालचा पलंग किंवा खुर्ची हलवून ठेवावी.

धूरसूचक यंत्राचे चाचणी बटण दाबून पाहावे आणि मागे छापलेली निर्मितीची तारीख वाचावी; १० वर्षे झाली असतील तर आवाज येत असला तरी ते बदलावे. बॅटरी संपत आली की त्यातून अधूनमधून टिकटिक ऐकू येते. त्या आवाजाला कंटाळून बॅटरीच काढून ठेवली जाते आणि मग महिनोन्‌महिने ती परत बसवली जात नाही.

वाहनाच्या टायरमधील हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावी. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो आणि गाडी चालवल्यावर त्यात आणखी भर पडते. म्हणून दुपारी तापलेल्या टायरमधून जादा वाटणारी हवा सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो टायर कमी दाबाचा निघतो.