पेशीची वही: निकाल लांबवणाऱ्या न्यायाधीशाची तक्रार कशी करायची

नवऱ्याच्या माघारी दिरानं वावराचा वाटा द्यायला नकार दिला, तेव्हा 2016 साली मी तालुक्याच्या कोर्टात वाटणीचा दावा टाकला. मी अंगणवाडी सेविका. पोरांची वजनं, लसीच्या तारखा वहीत मांडायची हाताला सवय, म्हणून पहिल्या पेशीपासून, म्हणजे कोर्टाच्या पहिल्या तारखेपासून, कोर्टाचीही वही केली. पाच रकाने आखले: तारीख, प्रकरण कशासाठी लागलं होतं, कोण हजर होतं, मुदत कोणी मागितली, पुढची तारीख कशासाठी. तुमचा दावा चालू असेल तर आजपासून अशी वही घाला. पुढचं सगळं तिच्यावरच उभं राहतं.

8 ऑगस्ट 2022 ला दोन्हीकडच्या वकिलांचा युक्तिवाद संपला आणि रोजनाम्यात, म्हणजे दर तारखेला काय झालं त्याच्या कोर्टाच्या नोंदीत, 'निकालाकरिता' असं लिहून तारीख पडली. त्या तारखेला गेले तर पुन्हा 'निकालाकरिता'. असं नऊ वेळा झालं. सोयाबीन निघालं, कापूस वेचून झाला, तूर घरात आली, निकाल काही आला नाही. दर पेशीला सकाळची एसटी धरायची, पोरांच्या खिचडीचं मदतनीस ताईवर सोपवायचं, दुपारभर व्हरांड्यात बसायचं आणि पुकारा झाला की नवी तारीख घेऊन परतायचं. त्या दिवसांचा राग अजून गेलेला नाही. पण रागानं लिहिलेली तक्रार टिकत नाही, हे मी त्यातच शिकले.

आधी वही घेऊन बसा आणि उशीर कोणामुळे झाला ते मोजा. माझ्या वहीत एकूण 58 पेश्या होत्या. 21 वेळा दिराच्या वकिलानं मुदत मागितली होती, 9 वेळा माझ्याच वकिलानं. 7 वेळा न्यायाधीश रजेवर किंवा प्रशिक्षणाला होते. मध्ये काही महिने खुर्चीच रिकामी होती, शेजारच्या कोर्टाच्या साहेबांकडे कार्यभार होता आणि ते फक्त पुढची तारीख देत. यातलं काहीही नंतर आलेल्या न्यायाधीशांच्या माथी मारता येत नाही. समोरचा पक्ष सारखी मुदत मागत असेल तर त्यावरचा इलाज त्याच कोर्टात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 17 सांगतो की दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत. आपल्या वकिलाला ते मांडायला लावा, तहकुबीचा खर्च बसवायची विनंती करायला लावा. पण युक्तिवाद संपल्यानंतरच्या त्या नऊ तारखा कोणत्याच पक्षानं मागितल्या नव्हत्या. माझी तक्रार तेवढ्या नऊ तारखांची होती.

त्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. त्याच संहितेच्या आदेश 20, नियम 1 प्रमाणे सुनावणी संपल्यावर लगेच, नाहीतर शक्यतो 30 दिवसांत निकाल द्यावा. असाधारण कारण असेल तर पुढचा दिवस नेमावा, तोही सहसा 60 दिवसांपलीकडे नसावा. फौजदारी खटल्यात आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 392 प्रमाणे सुनावणी संपल्यापासून 45 दिवसांच्या आत निकाल सांगायचा असतो. आणि निकाल हाती असूनही अंमलबजावणीची दरखास्त रखडली असेल, तर सर्वोच्च न्यायालयानं 2021 साली राहुल शाह यांच्या प्रकरणात ती दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत संपवायला सांगितलं आहे. आपलं प्रकरण यातलं कोणतं, ते ठरवून तेवढाच नियम पत्रात लिहा.

आता कागद. आपली वही ही आपली आठवण, पुरावा म्हणजे रोजनामा. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज देऊन युक्तिवाद संपला त्या दिवसापासूनच्या रोजनाम्याच्या प्रमाणित नकला काढा. सगळ्या पेश्यांच्या काढू नका, पैसा जातो आणि मुद्दा हरवतो. मोबाईलवर 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे ॲप असतं. त्यात आपल्या प्रकरणाचा 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की आजवरच्या सगळ्या तारखा दिसतात, एकेका तारखेवर दाबलं की त्या दिवशी काय झालं तेही दिसतं. सीएनआर क्रमांक वकिलाकडे असतो. माझ्या भाच्यानं दहा मिनिटांत काढून दिलं आणि माझ्या वहीतल्या दोन तारखा चुकलेल्या निघाल्या. तक्रारीत एक तारीख चुकली तर बाकीच्या आठांवरही कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून जुळवून घ्या.

पहिली पायरी त्याच न्यायाधीशांसमोर आहे. ती चुकवू नका. माझे वकीलसाहेब म्हणाले, "ताई, मला रोज याच साहेबांसमोर उभं राहायचं आहे." त्यांची अडचण खरी होती, म्हणून तक्रारीवर सही करा असा हट्ट मी धरला नाही. एवढंच म्हटलं की विनंतीचा अर्ज तरी द्या. त्यांनी नोव्हेंबरमध्ये चार ओळींचा अर्ज दिला: युक्तिवाद अमुक तारखेला संपला आहे, वादी विधवा आहे, निकाल द्यावा ही विनंती. त्याचीही नक्कल काढून ठेवली. पुढे कोणी विचारलं की आधी तिथं का नाही सांगितलं, तर हा कागद दाखवायचा.

महिना-दीड महिना काही हाललं नाही तर दुसरी पायरी, प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश. त्यांना साधं पत्र चालतं. ते आपल्या हाताखालच्या कोर्टाच्या कामाचा आढावा घेतात आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली अर्ज आला तर दावा दुसऱ्या कोर्टाकडेही वर्ग करू शकतात. वर्ग करून घ्यायची घाई मात्र करू नका. नवीन न्यायाधीशापुढे पुरावा पुन्हा द्यावा लागत नसला तरी युक्तिवाद पुन्हा करावा लागतो. उन्हाळ्यातल्या बदल्यांत साहेब गेले तरी हेच होतं, म्हणून मे महिना उजाडायच्या आत हालचाल करा. माझं पत्र जानेवारी 2023 चं. त्यानंतर ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यशपाल जैन यांच्या प्रकरणात सांगितलं की पाच वर्षांहून जुन्या प्रकरणांची आकडेवारी दर महिन्याला जिल्हा न्यायाधीशांकडे आणि तिथून उच्च न्यायालयाच्या समितीकडे जावी. तुमचा दावा तेवढा जुना असेल तर पत्राच्या पहिल्या ओळीतच दाखल केल्याचं वर्ष घाला.

शिस्तीचा खरा अधिकार उच्च न्यायालयाकडे आहे. संविधानाच्या अनुच्छेद 235 प्रमाणे खालच्या कोर्टांवर त्याचं नियंत्रण आहे. आमदार, पालकमंत्री, जिल्हाधिकारी यांच्याकडे फेऱ्या मारू नका, यात त्यांचा काही अधिकार नाही. पत्र मुंबई उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलच्या नावे लिहा, विदर्भातला दावा असेल तर एक प्रत नागपूर खंडपीठाकडे पाठवा. प्रत्येक जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचे एक पालक न्यायमूर्ती असतात, पत्र त्यांच्यासमोर ठेवावं अशी विनंती त्यात करा. आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडाच. 2014 पासून सरन्यायाधीशांची सूचना आहे की प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येईल असा पुरावा नसेल तर खालच्या न्यायाधीशांविरुद्धची तक्रार विचारात घ्यायची नाही. निनावी चिठ्ठ्यांनी चांगल्या न्यायाधीशांना छळलं जाऊ नये म्हणून हे आहे आणि मला ते योग्य वाटतं. नोटरीसमोर सही केली, रोजनाम्याच्या नकला जोडल्या, पोस्टाची पावती वहीत चिकटवली.

पत्र एक पान. माझं मधलं वाक्य असं होतं: "दि. 8 ऑगस्ट 2022 रोजी युक्तिवाद पूर्ण झाला असून त्यानंतर प्रकरण खालील नऊ तारखांना निकालाकरिता ठेवण्यात आले, परंतु निकाल झालेला नाही. निकाल कोणाच्या बाजूने व्हावा याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही." हे शेवटचं वाक्य लिहाच. हुकूम चुकीचा वाटला तर अपील असतं, त्याची तक्रार होत नाही. साहेब समोरच्याला मिळाले आहेत, पैसे खाल्ले, असं पुराव्याशिवाय एक अक्षर लिहू नका. मलाही तसं वाटून गेलं होतं. माझ्याकडे काही पुरावा नव्हता, म्हणून लिहिलं नाही.

नक्कल घ्यायला गेले तेव्हा तिथला एक ओळखीचा माणूस म्हणाला, "काहून वो बाई, साहेबावर कागद करता? उद्या अवमान लागला तं?" ही भीती गावोगावी आहे, म्हणून नीट सांगते. न्यायालय अवमान अधिनियम 1971 चं कलम 6 म्हणतं की खालच्या न्यायाधीशाबद्दल सद्भावनेनं दुसऱ्या दुय्यम न्यायालयाकडे किंवा उच्च न्यायालयाकडे केलेलं निवेदन अवमान ठरत नाही. हे संरक्षण तेवढ्या कागदालाच आहे. तोच मजकूर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला किंवा पत्रकाराच्या हाती दिला तर ते राहत नाही. दिराला कळावं म्हणून माझ्या भावाला स्टेटस ठेवायचं होतं, मी त्याला ठेवू दिलं नाही. साहेबांच्या बंगल्यावर किंवा चेंबरमध्ये भेटायलाही जाऊ नका.

पुढे काय होतं? उच्च न्यायालय खुलासा मागवू शकतं, दोष मोठा असेल तर विभागीय चौकशी होते. ठपका, वेतनवाढ रोखणं, सक्तीची निवृत्ती, अशा शिक्षा असतात. माझ्या तक्रारीवर काय कारवाई झाली ते मला कोणी कळवलं नाही आणि मी विचारत बसले नाही. मार्च 2023 मध्ये उच्च न्यायालयाला पत्र गेलं, 19 एप्रिलला निकाल झाला.

प्रकरण उच्च न्यायालयातच अडकलं असेल तर वाट वेगळी. 2001 च्या अनिल राय प्रकरणातल्या निर्देशांप्रमाणे निकाल राखून तीन महिने झाले तर त्याच खंडपीठापुढे लवकर निकालाचा अर्ज देता येतो, सहा महिने झाले तर मुख्य न्यायमूर्तींकडे प्रकरण दुसऱ्या खंडपीठाला द्यायची मागणी करता येते.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, ती कोर्टाच्या आवारातच बसते. बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन 15100. मला हे दाव्याच्या चौथ्या वर्षी कळलं, तोवर गळ्यातली पोत गहाण गेली होती.

निकालात निम्मा हिस्सा मिळाला. वावर प्रत्यक्ष सरस-निरस मानानं, म्हणजे जमिनीचा कस बघून, वाटून द्यायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले आहेत. वहीत नवं पान काढलं आहे, रकाने तेच पाच.