मूळ की कोंब: तंबाखूच्या पेशींचे विभेदन ऊतिसंवर्धनात कसे पाहावे

पानातली पेशी एकदा पानाची झाली की कायम पानाचीच राहते, हा समज वनस्पतींच्या बाबतीत टिकत नाही. योग्य माध्यमावर, म्हणजे पोषकद्रव्यांच्या निर्जंतुक मिश्रणावर, ती पुन्हा विभाजित होऊ लागते आणि कॅलस नावाचा भुसभुशीत, आकारहीन पुंजका तयार होतो. त्यातून पुढे मूळ फुटेल की कोंब, हे मुख्यतः ऑक्झिन आणि सायटोकायनिन या वनस्पती-संप्रेरकांच्या परस्पर प्रमाणावर ठरते. स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या ऊतींवर हे दाखवून दिले.

माध्यम मुराशिगे-स्कूग यांचे (क्षार व जीवनसत्त्वांचे ठरावीक मिश्रण) घ्यावे. लिटरमागे ३० ग्रॅम साखर घालून सामू (pH) ५.८ वर आणावा आणि मगच माध्यम घट्ट करणारे अगार ८ ग्रॅम मिसळावे; सामू फार खाली गेला, तर अगार नीट घट्ट होत नाही. १२१ अंश सेल्सिअसला २० मिनिटे ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करावे. इंडोल ॲसेटिक आम्ल हे इथे वापरायचे ऑक्झिन उष्णतेने काही अंशी विघटित होते, म्हणून ते सूक्ष्मगाळणीतून गाळून, माध्यम कोमट झाल्यावर घालणे चांगले.

कोवळे पान ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट आणि १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटे ठेवून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवावे आणि मधली शीर टाळून सेंटिमीटरभर तुकडे कापावेत. लिटरमागे २ मिलिग्रॅम ऑक्झिन आणि ०.२ मिलिग्रॅम कायनेटिन (एक सायटोकायनिन) असलेल्या माध्यमावर साधारण चार आठवड्यांत कॅलस धरते.

खरा प्रयोग इथून सुरू होतो. एकाच कॅलसचे सारख्या आकाराचे तुकडे करून ते तीन माध्यमांवर ठेवावेत. ऑक्झिन सर्वत्र २ मिलिग्रॅमच राहू द्यावे आणि कायनेटिन मात्र ०.०२, ०.२ व १ मिलिग्रॅम असे बदलावे. दोन्ही संप्रेरके एकदम बदलण्याचा मोह होतो. तसे केले, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. २५ अंश तापमानात, रोज १६ तास प्रकाशात ठेवल्यास पहिल्यावर मुळे दिसू लागतात, दुसऱ्यावर कॅलसच वाढत राहते आणि तिसऱ्यावर हिरवे ठिपके येऊन त्यांचे कोंब होतात. हिरवेपणा म्हणजे कोंब नव्हे, हे लक्षात ठेवावे. पानाचे टोक स्पष्ट दिसेपर्यंत नोंद करू नये.

कोंब दोन सेंटिमीटरचे झाले की ते संप्रेरकविरहित, निम्म्या क्षारांच्या माध्यमावर हलवावेत. तंबाखू तिथे सहज मुळे धरते.