दोन दिवसांनी कोसळवणारा थकवा : माझा अनुभव

लक्षण असं: सोमवारी घर आवरलं की सोमवारी ठीक, बुधवारी मात्र अंथरुणातून उठवत नाही. शब्द आठवत नाहीत, दहा तास झोपूनही शीण तसाच. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, थायरॉईड, साखर सगळं नॉर्मल. निदान एमई/सीएफएस, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम: थोड्या श्रमानंतरही थकवा बळावणारा दीर्घकाळचा आजार.

टॉनिक झालं. ‘रोज थोडं जास्त चाला’ हेही केलं, आणखी बिघडलं. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्येच या आजारासाठी असा ठरावीक वाढत जाणारा व्यायाम देऊ नये म्हटलंय, हे उशिरा कळलं. वर आळशी म्हणवून घेतलं ते वेगळंच.

उपयोग झाला तो असा. आधी १४ दिवस वहीत नोंद: काय केलं, किती मिनिटं, पुढचे दोन दिवस कसे गेले. माझी मर्यादा निघाली उभ्याने २० मिनिटं. मग १२ मिनिटांचा टायमर. वाजला की पोळी तव्यावर असली तरी गॅस बंद आणि १५ मिनिटं आडवं, मोबाइलशिवाय. भाजी चिरणं, आंघोळ स्टुलावर बसून. फोनवरचं बोलणंही मोजायचं. ते मी आधी धरलंच नव्हतं. चांगल्या दिवशीही १२च. सगळ्यात अवघड हेच.

आजार गेलेला नाही. पण दर आठवड्याला कोसळायचे, ते गेल्या तीन महिन्यांत एकदाच. भाचीच्या हळदीला.