फुफ्फुसांच्या तपासणीला जाण्यापूर्वी : धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांसाठी तयारी

फुफ्फुसाचा कर्करोग लक्षणांआधी शोधण्यासाठी कमी मात्रेच्या (कमी किरणोत्सर्गाच्या) सीटी स्कॅनची वेळ घेण्याआधी धूम्रपानाचा हिशेब कागदावर मांडावा : सुरुवात कितव्या वर्षी झाली, दिवसाला किती, मध्ये किती वर्षे बंद होते, आणि सोडले असल्यास केव्हा. दिवसाला वीस सिगारेटींचे एक पाकीट वर्षभर ओढले की एक 'पॅक-वर्ष' होते. म्हणजे दिवसाला दहा ओढणाऱ्या स्त्रीची चाळीस वर्षांत 20 पॅक-वर्षे भरतात. अमेरिकेत 2021 पासून 50 ते 80 वयोगटातील, किमान 20 पॅक-वर्षे झालेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा गेल्या 15 वर्षांत सोडलेल्या व्यक्तींना ही तपासणी दरवर्षी करण्याची शिफारस आहे. त्याआधी अट 30 पॅक-वर्षांची होती आणि सहसा पुरुषांपेक्षा कमी ओढणाऱ्या अनेक स्त्रिया तिच्यामुळे वगळल्या जात. भारतात फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी असा राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम नाही, तेव्हा हा हिशेब घेऊन छातीविकारतज्ज्ञांशी आपणच विषय काढावा लागतो. विडी ओढत असाल तर तिचे सिगारेटीत रूपांतर करत बसू नये, दिवसाच्या विड्या मोजून लिहाव्यात. मिशरी या हिशेबात धरत नाहीत. ती आणि चुलीचा धूर वेगळ्या ओळीत नोंदवावेत.

आकडा खरा लिहावा, हे मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे. आपल्याकडे बाईचे ओढणे ही झाकून ठेवायची गोष्ट समजली जाते, आणि सून किंवा मुलगा शेजारी बसला असेल तर दहाचे तीन होतात. त्या तीनवर डॉक्टर 'तुम्हाला गरज नाही' असे सांगू शकतात. म्हणून निदान ही माहिती देताना सोबतच्या माणसाला बाहेर बसायला सांगावे. त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

ही तपासणी लक्षणे नसलेल्यांसाठी आहे. थुंकीतून रक्त पडत असेल, वजन विनाकारण उतरत असेल किंवा खोकल्याचे स्वरूप बदलले असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठावे. नुकताच न्यूमोनिया झाला असेल तर तेही आधी कळवावे. स्कॅन पुढे ढकलला जाईल. छातीच्या साध्या एक्स-रेवर समाधान मानू नये, कारण दरवर्षी एक्स-रे काढून या कर्करोगाचे मृत्यू कमी होत नाहीत, असे अमेरिकेतील मोठ्या चाचणीत 2011 मध्ये दिसले.

जुने स्कॅन आणि एक्स-रे, सीडीसकट, पिशवीत घालावेत. क्षयरोग होऊन गेला असेल तर उपचारांची कागदपत्रे हवीतच. बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण स्कॅनवर गाठीसारखा दिसू शकतो, आणि तीच जागा जुन्या स्कॅनमध्ये तशीच असली तर सुईने तुकडा काढण्याची वेळ टळू शकते. उपाशी राहावे लागत नाही, इंजेक्शनही नसते. मंगळसूत्र, साखळी, धातूचे हुक किंवा तार असलेली अंतर्वस्त्रे काढावी लागतात, म्हणून सैल कपडे घालावेत आणि दागिने शक्यतो घरीच ठेवावेत. श्वास काही सेकंद रोखून धरायचा असतो, त्याचा आदल्या दिवशी सराव करावा. गर्भधारणेची शक्यता असेल तर तंत्रज्ञाला आधी सांगावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने स्कॅन वाचला जाणार असेल, तर तीन प्रश्न लिहून न्यावेत. संगणकाने दाखवलेली प्रत्येक जागा रेडिओलॉजिस्ट स्वतः पाहणार का? गाठीचे आकारमान पुढच्या वर्षी त्याच प्रणालीने मोजले जाईल का? प्रणाली बदलली तर मापातला फरक वाढ म्हणून गणला जाण्याचा धोका असतो. आणि ही प्रणाली आपल्यासारख्या लोकांच्या स्कॅनवर पारखली आहे का? एकाच स्कॅनवरून पुढील सहा वर्षांचा धोका वर्तवणारी 'सिबिल' ही प्रणाली अमेरिकेच्या ज्या दुसऱ्या, फुफ्फुस-तपासणीच्या राष्ट्रीय चाचणीतील स्कॅनवर शिकवली गेली, तिच्यात सुमारे 90 टक्के लोक गोरे होते आणि स्त्रिया निम्म्याहून कमी. क्षयाचे व्रण घरोघरी असलेल्या देशात हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

अहवालात 'गाठ' हा शब्द आला तरी लगेच कर्करोग गृहीत धरू नये. बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात, आणि 6 मिलिमीटरपेक्षा लहान भरीव (सॉलिड) गाठीसाठी पहिल्या स्कॅननंतर सहसा वर्षाने पुन्हा स्कॅन एवढेच सांगितले जाते. ती तारीख अहवालावरच लिहून घ्यावी. धूम्रपान सोडण्यासाठी मदत हवी असेल तर 1800-11-2356 ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे. अहवाल निर्दोष आला तरीही तिथे फोन करावा.