भात कापून पसरलंय आणि पाऊस आला तर

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरीत सरद म्हणजे खरीप भाताची कापणी सुरू झाली की परतीचा पाऊस हमखास गाठतो. दोन दिवस भिजलेली लोंबी हातात घेऊन बघा, दाण्यातून पांढरा कोंब डोकावत असतो. पोटात खड्डाच पडतो. पण हे नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत बसतं, आणि विमा काढलेल्यांतल्याही पुष्कळांना ते माहीत नसतं, याचं फार वाईट वाटतं.

कापून शेतात सुकायला पसरलेल्या पिकाला १४ दिवसांपर्यंत अवकाळी पावसापासून संरक्षण आहे. अट मात्र कडक आहे. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवायलाच हवं. १४४४७ वर फोन करा किंवा पीक विमा ॲपवरून कळवा, मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा. भात उचलायची घाई होणारच, तरी आधी फोटो काढा. साचलेलं पाणी, भिजलेल्या लोंब्या आणि शेत ओळखू येईल अशी बांधाची खूण त्यात दिसू दे.

खरीप भाताचा हप्ता विमा रकमेच्या फार तर २ टक्के. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही विमा काढता येतो. मुदतीची तारीख विभागीय कृषी कार्यालयात जूनमध्येच विचारून घ्या.