क्रशरच्या कचीतून चंद्रमाती: चंद्रावरच्या खाणकामाची तालीम मराठवाड्यात कशी करायची

चंद्रावर खाण चालवायची तर आधी तिथली माती हाताळायला शिकावं लागतं. अपोलो मोहिमांनी दगड-माती मिळून ३८२ किलो आणलं. त्यात फावडं घालायला कोणी देणार नाही. म्हणून जगभर नकली चंद्रमाती वापरतात. नासाने जेएससी-१ ही माती अ‍ॅरिझोनातल्या ज्वालामुखीच्या राखेपासून केली. इस्रोने चांद्रयान-२ च्या चाचण्यांसाठी तमिळनाडूतल्या सिथमपुंडीचा अनॉर्थोसाइट दळला. अनॉर्थोसाइट हा चंद्राच्या उजळ, डोंगराळ भागाचा दगड. चंद्रावर दिसणारे काळे डाग मात्र बेसाल्टचे आहेत, आणि बेसाल्टची कच मराठवाड्यात जवळपास प्रत्येक खडी क्रशरवर ढिगाने पडलेली असते.

ही कृती पॉलिटेक्निक किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या गटासाठी आहे. सिव्हिलच्या प्रयोगशाळेतल्या चाळण्या, ओव्हन, मफल भट्टी आणि बेंच ड्रिल एवढं मिळालं की काम होतं. एक गोष्ट आधीच मान्य करू: पाण्यासाठी जो बर्फ खणायचा तो आहे चंद्राच्या ध्रुवांजवळ, आणि दक्षिण ध्रुवाकडची माती रसायनाने बेसाल्टची नाही. पण खोदताना मातीचं वागणं मुख्यतः कणांचा आकार, त्यांच्या धारा आणि कोरडेपणा यांवर ठरतं. तेवढ्यापुरती आपली कच उत्तम.

कच निवडताना

खाणीची भिंत नीट बघा. घट्ट, निळसर काळा पाषाण हवा. त्याच्यावर किंवा खाली भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या असतो, तो नको. ते पांढरे ठिपके बहुधा झिओलाइटचे. झिओलाइटच्या स्फटिकात पाणी अडकलेलं असतं आणि तापवलं की ते बाहेर पडतं. पुढे पाणी काढण्याच्या प्रयोगात हेच पाणी तुमच्या हिशोबात घुसतं आणि निकाल फुकट चांगला दिसतो. मुरूम आणि वरची काळी मातीही नको; त्यातली चिकणमाती पाणी धरून ठेवते.

‘वॉश सँड’ घेऊ नका, तिच्यातली बारीक भुकटी धुऊन गेलेली असते आणि आपल्याला नेमकी तीच हवी आहे. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो. तिथली कच टाळा: त्यात क्वार्ट्झ भरपूर असतो, चंद्रावर तो जवळजवळ नाही, आणि फुप्फुसांनाही त्याची धूळ फार वाईट. लोणारचं विवर जालन्याच्या हद्दीपासून जवळ आहे आणि बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं आहे, त्यामुळे तिथला दगड आणण्याचा मोह होतो. ते अभयारण्य आहे, तिथला खडाही उचलायचा नाही.

तीनशे किलो कच घ्या. कामी येईल ती साधारण सव्वाशे किलो.

चाळणं आणि मिसळणं

चंद्रमातीचा मध्यम कण ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे निम्मी माती सिमेंटच्या चाचणीला वापरतात त्या बारीक चाळणीतून जाते. क्रशरच्या कचीत एवढं बारीक फारसं नसतं. दर १० किलोसाठी हे प्रमाण ठेवा:

१ मिमी ते ५०० मायक्रॉन: १ किलो
५०० ते २५० मायक्रॉन: १.३ किलो
२५० ते १५० मायक्रॉन: १ किलो
१५० ते ७५ मायक्रॉन: १.७ किलो
७५ मायक्रॉनच्या खाली: ५ किलो

शेवटचे पाच किलो मिळवणं हीच खरी मेहनत. सोपा मार्ग डांबराच्या हॉट मिक्स प्लांटचा: तिथल्या बॅग फिल्टरमध्ये बेसाल्टची सुकी, बारीक भुकटी जमते. तिच्यात बर्नरची काजळी असते, त्यामुळे खोदण्याच्या चाचणीला ती चालते, तापवण्याच्या चाचणीला नाही. दुसरा मार्ग लॉस एंजेलिस यंत्राचा, म्हणजे खडीची झीज तपासणाऱ्या फिरत्या ड्रमचा. पाच-पाच किलो कच पोलादी गोळ्यांसह फिरवा आणि चाळत राहा. गोळ्यांचं लोखंड झिजून भुकटीत येतं, म्हणून या मालावर चुंबकाची कुठलीही चाचणी करू नका. चुंबकाचा खेळ तसाही फसवा आहे. आपल्या बेसाल्टमध्ये चुंबकाला चिकटतो तो मुख्यतः मॅग्नेटाइट. चंद्रावर ज्याच्यातून ऑक्सिजन काढायचा विचार आहे ते इल्मेनाइट (लोह आणि टायटॅनियमचं खनिज) वेगळं, आणि साध्या चुंबकाला ते दाद देत नाही.

पिठाच्या गिरणीत दळू नका, कितीही ओळख असली तरी. एन-९५ मास्क आणि गॉगल हवाच. तोंडाला बांधलेल्या रुमालातून ही धूळ सरळ आत जाते. चाळण्या झाकण लावूनच हलवा.

या मातीत एक उणीव राहणारच. चंद्रावर सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने माती वितळून काचेने जोडलेले वेडेवाकडे कण तयार होतात आणि ते एकमेकांत अडकतात. आपल्या कचीत ते नाहीत, म्हणून खरी माती आपल्यापेक्षा जास्त अडेल असं धरून चाला.

कोरडं करणं

एप्रिल-मे असेल तर पत्र्यावर दोन सेंमीचा थर देऊन दिवसभर उन्हात ठेवा, दोनतीनदा उलथा, मग ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर २४ तास. खात्रीसाठी ५०० ग्रॅमचा नमुना आणखी दोन तास ओव्हनमध्ये ठेवून पुन्हा तोला. घट अर्ध्या ग्रॅमच्या आत असली तर माती कोरडी.

मग १०० ग्रॅम मफल भट्टीत ५०० अंशांवर तासभर. एक ग्रॅमपेक्षा जास्त घट आली तर माल बदला, मांजऱ्या मिसळलेला आहे. नमुना उघड्यावर थंड करू नका. झिओलाइट हवेतलं पाणी परत पितं आणि घट कमी दिसते. डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून लगेच तोला. भट्टी ९०० अंशांपर्यंत नेण्यात फायदा नाही: बेसाल्टमधलं लोह हवेतला ऑक्सिजन घेतं, वजन वाढतं आणि पाण्याची घट झाकली जाते.

वाफा भरणं

प्लायवूडची पेटी घ्या, आतून १ मीटर लांब, ५० सेंमी रुंद, २० सेंमी खोल. चंद्रावर वरच्या १५ सेंमी मातीची घनता दर घनसेंमीला सरासरी १.५ ग्रॅम असते आणि ३० ते ६० सेंमी खोलीवर ती १.७४ पर्यंत जाते. आपण खोली आटोपती घेतो. पेटीत आतून दर ५ सेंमीवर रेघ मारा. पहिला थर ४३.७५ किलोचा, बरोबर रेघेपर्यंत खाली बसेल असा ठोका. दुसरा तसाच. तिसरा ३७.५ किलो, न ठोकता भुरभुरून रेघेपर्यंत. खालचे थर १.७५ चे, वरचा १.५ चा होतो. प्रत्येक चाचणीनंतर माती काढून पुन्हा याच क्रमाने भरायची. हा कंटाळा केला की दुसऱ्या दिवसाचे आकडे पहिल्या दिवसाशी जुळत नाहीत, आणि दोष यंत्राला दिला जातो.

खोदणं

१० सेंमी रुंद पत्र्याचं पातं सळईला जोडा, मध्ये २० किलोचा स्प्रिंग काटा लावा आणि हातविंचने सावकाश ओढा, सेकंदाला दोन सेंमीच्या वेगाने. खोली २, ४, ६ सेंमी. प्रत्येक खोलीला तीन वेळा ओढून मधला आकडा घ्या. खोली दुप्पट केली की ओढ दुपटीहून जास्त वाढलेली दिसेल.

आता हे आकडे चंद्रावर न्या. ३० किलोच्या गाडीचं वजन तिथे इथल्या ५ किलोएवढंच भरतं. चाकांची पकड वजनाच्या ४० टक्के धरली तरी गाडी २ किलोचा जोर लावू शकते. तुमचा काटा २ सेंमी खोलीलाच त्याच्या बराच पुढे गेला असेल तर पातं बहुधा निरुपयोगी: गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसेल. गाडी जड करणं हा उपाय नाही, कारण प्रत्येक किलो पृथ्वीवरून न्यायचा आहे. नासाच्या रॅसोर यंत्राने यावर तोड काढली ती अशी: पुढे-मागे दोन ड्रम, दोन्हींवर लहान लहान बादल्या, आणि ते उलट दिशांना फिरतात. एकाचा रेटा दुसरा खातो. गटाला यंत्र बनवायचंच असेल तर हेच बनवा.

गाडी चालवून बघायची तर छताच्या कप्पीवरून दोरी घेऊन दुसऱ्या टोकाला गाडीच्या वजनाच्या पाच षष्ठांश वजन टांगा. ३० किलोला २५ किलो. यात एक खोट आहे. गाडी हलकी झाली तरी वाफ्यातली माती पृथ्वीच्याच ओढीने घट्ट बसलेली असते, त्यामुळे गाडी चंद्रावर चालेल त्यापेक्षा इथे चांगली चालते. निकाल लिहिताना ही ओळ गाळू नका.

बर्फाची माती

२००९ मध्ये नासाच्या एलक्रॉस मोहिमेने दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस विवरात रॉकेटचा रिकामा टप्पा आदळवला. उडालेल्या मातीत वजनाने सुमारे ५.६ टक्के पाणी निघालं, अधिक-उणे २.९. त्या अंदाजाने चार नमुने करा: एक किलो कोरड्या मातीत शून्य, २०, ५० आणि १०० मिली पाणी. पाणी फवारून मिसळा, नाहीतर गोळे होतात. ७५ मिमीच्या पीव्हीसी नळीचे १० सेंमी तुकडे आतून प्लास्टिक लावून भरा, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा.

फ्रीझरचे उणे १८ अंश हे चंद्राच्या कायम सावलीतल्या विवरांपुढे काहीच नाही. तिथे तापमान उणे १७० च्याही खाली असतं. जवळ जायचं तर द्रवनत्र, उणे १९६. कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय संस्था ते ठेवतात. महाविद्यालयाच्या पत्रावर आणि शिक्षक सोबत असतानाच मागा. एक लिटर द्रवनत्राचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीत माणूस गुदमरतो, आणि घट्ट झाकणाच्या थर्मासचा स्फोट होतो. नमुना नळीतून बाहेर काढूनच बुडवा. पीव्हीसी त्या थंडीत काचेसारखं फुटतं.

बेंच ड्रिलला ८ मिमीचं काँक्रीटचं पातं लावा, दांड्याला ठरावीक वजन टांगा आणि दहा सेकंद चालवून वीस सेकंद थांबा. प्रत्येक नमुन्यात एकूण एक मिनिट फिरल्यावर खोली मोजा. १० टक्क्यांचा नमुना काँक्रीटसारखा वागेल. सलग चालवलं तर पातं तापून बर्फ वितळतो आणि चिखल अडकतो. ही अडचण फक्त पृथ्वीवरची: चंद्रावरच्या निर्वात पोकळीत बर्फ पाणी न होता सरळ वाफ होतो. तिथे तापलेलं पातं म्हणजे हातचं पाणी उडून जाणं.

पाणी परत मिळवणं

जाड काचेचा, एक लिटरचा फिल्टर फ्लास्क घ्या. साधी चपट्या बुडाची बाटली आत कोसळते. त्यात २०० ग्रॅम माती आणि १० ग्रॅम पाणी. तोंडाशी काचलोकर. पुढे यू-नळी तीन भाग बर्फ आणि एक भाग मिठाच्या मिश्रणात, त्यापुढे एसी मेकॅनिकचा व्हॅक्यूम पंप. फ्लास्क ५० अंशांच्या पाण्यात ठेवा. झडप हळूहळू उघडा. एकदम उघडली तर माती कारंज्यासारखी उडून पंपात जाते. दोन तासांनी आधी हवा आत सोडा, मग पंप बंद करा, नाहीतर पंपाचं तेल उलटं येतं.

फ्लास्क आणि यू-नळी दोन्ही तोला. मातीतून गेलं किती आणि नळीत आलं किती, यातला फरक पंपाने गिळला. तळ सुकून मधे ओल राहिली असेल, तर कारण असं की कोरडी भुकटी पोकळीत गोधडीसारखी उष्णता अडवते. चांद्रयान-३ च्या चास्टे उपकरणाने हेच मोजलं: पृष्ठभागावर ७० अंशांच्या आसपास, आणि फक्त ८ सेंमी खाली उणे १०. म्हणून थर दीड-दोन सेंमीपेक्षा जाड नको, किंवा ढवळायची सोय हवी.

हिशोब

एलक्रॉसचा आकडा धरला तर एक टन मातीत ५६ किलो पाणी. नऊ किलो पाण्यातून एक किलो हायड्रोजन आणि आठ किलो ऑक्सिजन. रॉकेट इंजिन एक किलो हायड्रोजनला सहा किलोच्या आसपास ऑक्सिजन वापरतं, म्हणजे ५६ किलोतून साधारण साडेत्रेचाळीस किलो इंधन आणि वर बारा किलो ऑक्सिजन उरतो. एका माणसाला दिवसाला ०.८४ किलो लागतो, म्हणजे दोन आठवड्यांचा श्वास. हे पाणी फोडायला हायड्रोजनच्या किलोमागे ५० युनिट धरले तर ३१० युनिट वीज. खोदण्यापेक्षा विजेवरच गाडं अडतं, आणि बर्फ असतो तिथे सूर्य पोचत नाही.

इल्मेनाइटचाही हिशोब कागदावरच करा. हायड्रोजनने १०० किलोतून जास्तीत जास्त साडेदहा किलो ऑक्सिजन निघतो; मातीत इल्मेनाइट १० टक्के असेल तर टनाला साडेदहा किलो. ९०० अंशांवर हायड्रोजन खेळवणं हे महाविद्यालयाच्या शेडमधलं काम नाही.

माती पुढच्या वर्षीसाठी ठेवायची तर जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत, झाकणाच्या ड्रममध्ये. पावसाळ्यानंतर ती कोरडी आहे असं कधीच गृहीत धरू नका. ५०० ग्रॅमची चाचणी पुन्हा करा. बर्फाचे नमुने वाफ्यात परत टाकू नका, वाळवून वेगळ्या ड्रममध्ये ठेवा.